सर्कहोमर१ आणि सीडीआर१एएस: जेलवर दोन बँड, आरनेज आरनंतर घट, आणि 'स्पंज'चा प्रश्न

गंगापूररोड_बायोटेक

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका कॉलेजात एम.एस्सी. बायोटेकचा प्रकल्प चालू आहे. विषय असा, की चेतापेशी उत्तेजित झाल्यावर वर्तुळाकार आरएनएचं (दोन्ही टोकं जोडली जाऊन बंद कडं झालेल्या आरएनएचं) प्रमाण बदलतं का, आणि त्याचा सिनॅप्टिक प्लास्टिसिटीशी (चेतापेशींमधले जोड बळकट-कमकुवत होण्याशी) काय संबंध. प्राणीगृह नसल्यामुळे एसएच-एसवाय५वाय (माणसाच्या न्यूरोब्लास्टोमा ट्यूमरपासूनच्या) पेशी वापरल्या. १० मायक्रोमोलर रेटिनोइक ॲसिडवर सहा दिवस, मग ५५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १ तास आणि ६ तास. दोन वर्तुळं मोजली: होमर१ जनुकाच्या एक्सॉन (पक्व आरएनएत राहणारे तुकडे) २ ते ५ मधून बनणारं सर्कहोमर१, आणि सीडीआर१एएस. दोन्हींसाठी डायव्हर्जंट (एकमेकांकडे पाठ केलेले, वर्तुळावरच बँड देणारे) प्रायमर, सीडीएनए रँडम हेक्सामरने.

अडचणी चार आहेत.

सर्कहोमर१चा १४० बेसचा बँड अपेक्षित होता. तो येतो, पण वर ६०० च्या आसपास दुसरा फिकट बँडही येतो. अॅनीलिंगचं तापमान वाढवूनही जात नाही.

रेषीय आरएनए खाणारा आरनेज आर दिल्यावर (३७ अंशाला १ तास, मग ७० अंशाला १० मिनिटं गरम करून थांबवलं) रेषीय बीटा-ॲक्टिन ९ सायकल मागे गेलं, म्हणजे तितकं घटलं, ते ठीक. सर्कहोमर१ सव्वा सायकल मागे गेलं. पण सीडीआर१एएस चक्क ४ सायकल. मग ते वर्तुळ नाहीच असं समजायचं का?

पोटॅशियमनंतर एका तासात सर्कहोमर१ आणि रेषीय होमर१ यांचं गुणोत्तर निम्म्यावर आलं. रेषीय होमर१साठी एक्सॉन ३-४ मधले प्रायमर घेतले आहेत. याला 'उत्तेजनाने वर्तुळ घटतं' असं म्हणता येईल का?

चौथी गोष्ट म्हणजे, हे वर्तुळ कोणत्या मायक्रोआरएनएचा (एमआरएनए दाबणाऱ्या छोट्या आरएनएचा) स्पंज, म्हणजे त्याला शोषून अडकवणारं, आहे ते ल्युसिफरेजने (प्रकाश देणाऱ्या एन्झाइमच्या चाचणीने) दाखवा, असा मार्गदर्शकांचा आग्रह आहे. ते करावं का? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पंचवटी_न्यूरो

प्रश्न नीट आकड्यांसकट मांडलात, त्यामुळे उत्तरही आकड्यांत देता येतं.

आधी तो ६०० चा बँड. तो घालवायच्या मागे लागू नका, तो तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे. एक्सॉन २ ते ५ मिळून वर्तुळाची लांबी साधारण ४६० न्यूक्लिओटाइड. १४० मध्ये ४६० मिळवा, ६०० होतात. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून सीडीएनए बनवणारा एन्झाइम) वर्तुळावर चालायला लागला की त्याला टोक सापडत नाही. तो एक फेरी मारतो आणि तसाच दुसऱ्या फेरीत शिरतो. त्यामुळे सीडीएनएत तोच क्रम एकापाठोपाठ एक दोनदा-तीनदा येतो, आणि प्रायमरना बसायला पुढच्या फेरीतलीही जागा मिळते. जेल जरा जास्त वेळ चालवलीत आणि सायकल वाढवलीत तर १,०६० च्या जवळ तिसरी रेघही दिसू शकेल. दोन बँडांमधलं अंतर वर्तुळाच्या लांबीइतकं नेमकं आलं की तो फेऱ्यांचाच माल. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजने टेम्प्लेट बदलल्यामुळे आलेला खोटा बँड असं मोजून-मापून अंतर ठेवत नाही. दोन्ही बँड कापून सॅंगर सिक्वेन्सिंगला द्या. लहानात एक्सॉन ५ चा शेवट आणि एक्सॉन २ ची सुरुवात एकदा भेटली पाहिजे, मोठ्यात दोनदा.

मात्र क्यूपीसीआरमध्ये हाच साक्षीदार त्रास देतो. एका वर्तुळातून दोन-तीन प्रती मोजल्या जातात आणि आकडा फुगतो. म्हणून एक्सटेन्शन आखूड ठेवा. ९५ अंशाला १० सेकंद आणि ६० अंशाला ३० सेकंद इतकंच दिलं तर १४० चा तुकडा पूर्ण होतो आणि ६०० चा मागे पडतो. मेल्ट कर्व्हमध्ये एकच शिखर दिसेपर्यंत आकडे वहीत घेऊ नका. वर्तुळ आणि रेषीय यांचे सीटी (कितव्या सायकलला सिग्नल दिसला ते आकडे) थेट वजा करून 'वर्तुळ इतके टक्के' असंही लिहू नका. एकाच वर्तुळाची दोन नमुन्यांतली तुलना चालते, कारण फुगवटा दोन्हीकडे सारखाच असतो.

डायव्हर्जंट प्रायमर जीनोमिक डीएनएवर लावून पाहिलेत का? २० नॅनोग्रॅम डीएनए घ्या. कन्व्हर्जंट (एकमेकांकडे तोंड केलेल्या) जोडीने बँड यावा, डायव्हर्जंटने येऊ नये. डायव्हर्जंटनेही आला तर तो एक्सॉन जीनोममध्येच दुहेरी आहे किंवा प्रायमर भलतीकडे बसतोय. दहा रुपयांची ही तपासणी वगळली की पुढचं सगळं अधांतरी राहतं.

आता आरनेज आर. सीडीआर१एएस वर्तुळच आहे. २०१३ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन गटांनी ते स्वतंत्रपणे मांडलं, आणि त्यावर एमआयआर-७ बसायच्या सत्तरहून जास्त जागा आहेत हेही दाखवलं. तुमच्याकडे ते घटतंय याचं कारण तुमच्या कृतीत आहे. आरनेज आर हा तीन प्राइम टोकाकडून खात येणारा एन्झाइम. टोक नसेल तर त्याला धरायला काही नाही. पण वर्तुळाला कुठेही एक चीर पडली की ते रेषीय झालं, त्याला टोक आलं. बफरमध्ये मॅग्नेशियम आहे, ३७ अंशाला १ तास ठेवलंत, त्यात चिरा पडणारच. एन्झाइम नसलेल्या जोडनळीत चिरलेलं वर्तुळ तसंच पडून राहतं आणि पीसीआरला सापडतं, कारण चीर नेमकी तुमच्या १४० बेसांत पडण्याची शक्यता कमी. एन्झाइम असलेल्या नळीत मात्र ते संपूर्ण खाल्लं जातं. म्हणून फरक दिसतो.

आणि बघा, तुमचे आकडेच हे सांगतात. चीर पडण्याची शक्यता लांबीच्या प्रमाणात वाढते. सीडीआर१एएस साधारण १,५०० न्यूक्लिओटाइड, सर्कहोमर१ ४६०. म्हणजे सव्वातीन पट. सीडीआर१एएस ४ सायकल मागे गेलं, तर सर्कहोमर१ ४ भागिले सव्वातीन, म्हणजे सव्वा सायकल मागे जायला हवं. तुम्ही सव्वाच लिहिलं आहे. दोन्ही वर्तुळं आहेत, दोन्हींना सारख्याच दराने चिरा पडल्या.

पुढच्या वेळी असं करा. २ मायक्रोग्रॅम आरएनए, मायक्रोग्रॅमला ३ युनिट या हिशेबाने ६ युनिट एन्झाइम, एकूण २० मायक्रोलिटर, ३७ अंशाला १५ मिनिटं. गरम करून थांबवू नका, मॅग्नेशियम असताना उष्णता म्हणजे आरएनए तोडण्याची कृतीच झाली. वेळ संपताच फिनॉल-क्लोरोफॉर्म किंवा कॉलम. जोडनळी तितकाच वेळ, तितक्याच तापमानाला, फक्त एन्झाइमऐवजी पाणी. सीडीएनए करताना दोन्ही नळ्यांतून सारखं आकारमान घ्या. सारखे नॅनोग्रॅम घेतलेत तर आरनेज आरच्या नळीत वर्तुळं कृत्रिमपणे वाढलेली दिसतील, आणि इथे बरेच जण फसतात. बीटा-ॲक्टिनने नॉर्मलाइझही करता येत नाही, कारण तेच तर खाऊन टाकलंय. प्रक्रिया संपल्यावर दोन्ही नळ्यांत मोजून बाहेरचा आरएनए टाका आणि त्यावर हिशेब करा.

जी-क्वाड्रुप्लेक्स (जी बेसांची घट्ट चौपदरी घडी) तयार करणारे किंवा तीन प्राइम टोकाशी घट्ट दुमडलेले काही रेषीय आरएनए आरनेज आरला दाद देत नाहीत. बफरमधलं पोटॅशियम त्या क्वाड्रुप्लेक्सना आधार देतं. २०१९ मध्ये यावर उपाय सुचवला गेला: बफरमध्ये पोटॅशियमऐवजी लिथियम क्लोराइड, आणि आधी पॉली-ए शेपूट जोडून एन्झाइमला धरायला मोकळं टोक देणं. तुमच्या दोन वर्तुळांसाठी ते लागणार नाही. नव्या वर्तुळाचा दावा करायचा असेल तेव्हा लागतं.

सातपूर_पीसीआर

पंचवटींनी सिद्धतेचं सांगितलं, मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तिथे निष्कर्षच उलटा निघतोय.

तुमचं गुणोत्तर निम्म्यावर आलं ते वर्तुळ घटल्यामुळे नाही, भागाकारातला खालचा आकडा वाढल्यामुळे. होमर१ चे रेषीय प्रकार एकापेक्षा जास्त. लांब होमर१बी आणि सी, आणि आखूड होमर१ए. हा आखूड प्रकार म्हणजे नावाजलेला तात्काळ-प्रतिसाद जनुक: पेशी उत्तेजित झाली की पाचव्या इंट्रॉनमध्येच प्रत थांबते आणि तिथेच पॉली-ए जोडलं जातं. एक्सॉन ३ आणि ४ या सगळ्यांत आहेत, वर्तुळातही आहेत. तुमचे प्रायमर चौघांना एकत्र मोजतात. पोटॅशियमने होमर१ए वर गेला, बेरीज वाढली, गुणोत्तर पडलं. सर्कहोमर१ चा सीटी स्वतंत्रपणे बघा, तो जागचा हलला नसणार.

प्रायमर बदला. होमर१बी-सीसाठी एक प्रायमर एक्सॉन ५ मध्ये आणि दुसरा ६ मध्ये, म्हणजे वर्तुळ आणि होमर१ए दोन्ही वगळले जातात. होमर१एसाठी उलटा प्रायमर पाचव्या इंट्रॉनमधून आलेल्या शेपटीत घ्या. पण तिथे इंट्रॉनचा क्रम असल्याने डीएनएज नीट झालं नसेल तर जीनोमिक डीएनएच मोजाल. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली नळी सोबत हवीच.

वेळही चुकीची निवडली आहे. पेशीत जमलेली वर्तुळं ही मुख्यतः टिकाऊपणामुळे जमलेली असतात, झपाट्याने तयार होतात म्हणून नव्हे. बॅकस्प्लाइसिंग (मागचं टोक पुढच्याला जोडून वर्तुळ बनणं) संथ चालतं. साठा मोठा, आवक बारीक. अशा साठ्यात एका तासाने फरक दिसत नाही, वर जाताना नाही आणि खाली येताना तर त्याहून नाही. एका तासात वर्तुळ खरोखर निम्मं झालं असेल तर कोणीतरी ते कापतंय हे दाखवावं लागेल, जसं एमआयआर-६७१ सीडीआर१एएसला कापतं. फ्रँकफर्टच्या गटाने २०१५ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या चेतापेशींवर बिकुक्युलिनचा (चेतापेशींवरचा अटकाव काढून त्यांना उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा) प्रयोग केला तो १२ तासांचा होता. तुम्ही ०, १, ६, १२, २४ तास घ्या. १ तासाचा नमुना फेकू नका, तो एफओएस (असाच दुसरा तात्काळ-प्रतिसाद जनुक) आणि होमर१एसाठी ठेवा. तिथे एफओएस उसळला नाही तर उत्तेजनच झालं नाही, पुढचे नमुने मोजण्यात अर्थ नाही.

आणि ५५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड माध्यमात नुसतं ओतलं असेल तर ऑस्मोलॅरिटी ११० मिलिऑस्मोलरने वाढते. पेशी आक्रसतात, त्याचाही ताण-प्रतिसाद येतो. तेवढंच सोडियम क्लोराइड कमी केलेलं द्रावण बनवा. ते जमत नसेल तर कंट्रोलला ५५ मिलिमोलर जादा सोडियम क्लोराइड द्या. २४ तास पोटॅशियममध्ये ठेवायचं नाही, तासाभराने माध्यम बदलून पुढे वाट बघायची.

शीर्षकातला 'प्लास्टिसिटी' शब्द मात्र जपून वापरा. या पेशी रेटिनोइक ॲसिडवर लांब शेपट्या काढतात, वर्तुळांची संख्याही वाढते, हे खरं. पण त्यांच्यात ग्लुटामेटचे पक्के सिनॅप्स बनत नाहीत. तुम्ही मोजताय तो उत्तेजनाला जनुकांचा प्रतिसाद. तोच शब्द शीर्षकात घाला.

पंचवटी_न्यूरो

स्पंजबद्दल राहिलं होतं, ते लिहितो. या क्षेत्रात सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा यावरच वाया जातो.

मोजून बघा. समजा पेशीत एका वर्तुळाच्या १०० प्रती आहेत आणि प्रत्येकावर त्या मायक्रोआरएनएच्या २ जागा. झाल्या २०० जागा. त्या मायक्रोआरएनएच्या प्रती १०,००० असतील तर सगळ्या जागा भरल्या तरी २ टक्केच अडकले. बाकीचे ९८ टक्के आपलं काम करतच राहणार. शिवाय त्याच मायक्रोआरएनएच्या जागा शेकडो एमआरएनएवर आहेत, तिथलीही गर्दी धरा. ल्युसिफरेजमध्ये प्लास्मिडमधून हजारो प्रती ओतून काहीतरी दाखवता येतं, पण त्याने पेशीतलं गणित बदलत नाही. आधी प्रत्यक्ष प्रतिसंख्या काढा. वर्तुळाच्या जंक्शनचा (एक्सॉन ५ आणि २ जिथे भेटतात तिथला) तुकडा क्लोन करून किंवा कृत्रिम डीएनए मागवून प्रमाण-वक्र बनवा, पेशी मोजून आरएनए काढा, आणि पेशीमागे किती प्रती ते लिहा. आकडा शेकड्यात आणि जागा एक-दोन असतील तर स्पंजचा विषय तिथेच मिटतो. मार्गदर्शकांपुढे हाच कागद ठेवा.

स्पंजचं आदर्श उदाहरण म्हणून सीडीआर१एएसचं नाव घेतात, पण तेच उदाहरण या कल्पनेला सुरुंग लावतं. सत्तरहून जास्त जागा असलेला स्पंज काढून टाकला तर एमआयआर-७ मोकळा सुटून त्याची लक्ष्यं दबायला हवीत. २०१७ मध्ये बर्लिनच्या गटाने उंदरात ते ठिकाण उडवलं तेव्हा एमआयआर-७ उलट कमी झाला, आणि त्याची लक्ष्यं वाढली. त्यांत एफओएससारखे तात्काळ-प्रतिसाद जनुक होते. उंदरांचं प्रीपल्स इनहिबिशन बिघडलं. म्हणजे मोठ्या आवाजाआधी हलका आवाज दिला तर सर्वसाधारण उंदीर कमी दचकतो, हे उंदीर तितके सावरत नव्हते. चेतापेशींच्या नोंदींत सिनॅप्सवरच्या उत्स्फूर्त स्रावाचं प्रमाण वाढलेलं होतं. म्हणजे सीडीआर१एएस एमआयआर-७ ला शोषून संपवत नाही, जपून ठेवतो असं म्हणणं पुराव्याला धरून आहे. पुढच्याच वर्षी या जाळ्यातला आणखी एक धागा दिसला: सायरानो नावाचा लांब आरएनए एमआयआर-७ चा नाश करवतो. सायरानो काढला की एमआयआर-७ साचतो, आणि मग सीडीआर१एएसच मेंदूत जमेनासा होतो.

सर्कहोमर१ची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. ते डेंड्राइटमध्येही सापडतं. तिथे मायक्रोआरएनए नाही, एचयूडी नावाचं आरएनए-बंधक प्रथिन त्याच्याशी जोडलं जातं. २०२० च्या कामात उंदराच्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्समध्ये हे वर्तुळ कमी केलं तेव्हा सिनॅप्सजवळच्या एमआरएनएचं प्रमाण हललं, होमर१बीचंही. आणि शिकलेला नियम उलटा झाल्यावर नव्याने जुळवून घेण्यात ते उंदीर मागे पडले. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजार असलेल्या व्यक्तींच्या मरणोत्तर मेंदूतही, प्रीफ्रंटल भागात, ते कमी आढळलं. तुम्हाला काम पुढे न्यायचंच असेल तर ल्युसिफरेजच्या खर्चात एचयूडीचं आरएनए-इम्युनोप्रेसिपिटेशन (प्रतिपिंडाने प्रथिन ओढून त्याला चिकटलेला आरएनए मोजणं) बसवा. एचयूडी या पेशींत असतं, प्रतिपिंडं विकत मिळतात.

सातपूर_पीसीआर

पुढे कोणी सर्कहोमर१ कमी करून बघायला जाईल म्हणून हेही. एसआयआरएनए (ठरावीक आरएनए घटवणारा छोटा आरएनए) जंक्शनवरच बसवावा लागतो, दुसरी जागाच नाही. २१ बेस, एक्सॉन ५ चे १० आणि २ चे ११, मग दोन-दोन बेस सरकवून आणखी दोन. एवढ्याच जागेत जे मिळेल ते, त्यामुळे तीनपैकी एखादाच चालतो. कंट्रोल म्हणून नुसता स्क्रॅम्बल (पूर्ण विस्कटलेला क्रम) पुरत नाही. अर्धा एक्सॉन ५ चा आणि अर्धा विस्कटलेला, तसाच एक्सॉन २ चा, असे दोन लागतात. कारण एसआयआरएनएचे दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे बेस रेषीय होमर१वर मायक्रोआरएनएसारखे बसू शकतात. मग सिनॅप्सवर जो परिणाम दिसतो तो होमर१ प्रथिन घटल्याचा असतो आणि श्रेय वर्तुळाला जातं. होमर१बी-सीचा सीटी अर्ध्या सायकलपेक्षा जास्त हलला तर तो एसआयआरएनए बाद.

ओझर_द्राक्षबाग

वनस्पतींच्या बाजूने एक भर. आरनेज आर हात बसेपर्यंत महागड्या चेतापेशींचा आरएनए खर्च करू नका. व्हायरॉइड (वनस्पतींना संसर्ग करणारे, नुसत्या आरएनएचे रोगकारक) हे जन्मजात वर्तुळाकार आरएनए. १९७६ मध्येच त्यांचं वर्तुळ असणं दाखवलं गेलं होतं, प्राण्यांतल्या वर्तुळांची चर्चा सुरू व्हायच्या कितीतरी आधी. हॉप स्टंट व्हायरॉइड, सुमारे ३०० न्यूक्लिओटाइडचा, जगभरच्या द्राक्षवेलींत सापडतो आणि बहुतेकदा वेलीवर काही लक्षणही दिसत नाही. दिंडोरी-निफाडकडच्या जुन्या बागांमधली पाच-सहा पानं आणा, आरटी-पीसीआरने आधी आहे का ते तपासा, असेल तर तुमचा कंट्रोल फुकटात झाला. पक्व पान घ्या, कोवळं नको, आणि द्राक्षपानात पॉलिफिनॉल भरपूर असल्याने ट्रायझॉल थेट चालत नाही. सीटॅब बफरमध्ये २ टक्के पीव्हीपी आणि २ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल घालून काढा. आरएनए तपकिरी दिसला तर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज चालणार नाही, सरळ पुन्हा काढा. फक्त एक लक्षात घ्या: व्हायरॉइडची स्वतःची दुमड फार घट्ट असते, त्यामुळे तो टिकला म्हणून तुमचं लांब आणि सैल वर्तुळ टिकेलच असं नाही. एन्झाइमने रेषीय साफ केलं का आणि वर्तुळ उरलं का, एवढंच त्यावरून बघायचं.

गंगापूररोड_बायोटेक

सगळ्यांचे मनापासून आभार. जुने सीटी काढून बघितले, सातपूर सर म्हणाले तसंच आहे. सर्कहोमर१ १ तासाला ०.१ सायकलच्या आत, बेरीज मात्र वर. आता १२ आणि २४ तासांचे नमुने लावतो. शेवटचा प्रश्न: जंक्शनचे रीड्स (सिक्वेन्सरने वाचलेले तुकडे) बघायला सहा नमुने सिक्वेन्सिंगसाठी पुण्याला पाठवायचे आहेत. मे महिना आहे, ड्राय आइसची खात्री नाही. काय करावं? आणि लायब्ररी कोणती सांगावी?

पंचवटी_न्यूरो

लायब्ररी राइबोसोमल आरएनए काढून टाकलेली. पॉली-ए निवडीची अजिबात नको, वर्तुळांना शेपूट नसल्याने ती सगळी धुऊन जातात. फॉर्मवर नेहमीचा पर्याय पॉली-एचाच असतो, म्हणून हे शब्दांत लिहून द्या. पेअर्ड-एंड १५० बेस. जंक्शनवर पडणारे रीड्स फार थोडे असतात, तेव्हा नमुन्यामागे निदान ५ ते ६ कोटी रीड-जोड्या मागा. त्याहून कमीत तुमची दोन वर्तुळं दिसतील, पण बाकीच्यांबद्दल काही बोलता येणार नाही. विश्लेषणाला सिरी२ आणि सर्कएक्स्प्लोरर२ ही वर्तुळं शोधणारी दोन्ही सॉफ्टवेअर चालवा. दोघांनी ओळखलेली आणि सहापैकी निदान तीन नमुन्यांत आलेली वर्तुळंच पुढे घ्या.

पाठवण्यासाठी ड्राय आइसची गरज नाही. २० मायक्रोलिटर आरएनएत २ मायक्रोलिटर ३ मोलर सोडियम ॲसिटेट, पीएच ५.२, आणि ५५ मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल. हलवून तसंच बंद करा, सेंट्रिफ्यूज करू नका. इथेनॉलमध्ये अवक्षेपित आरएनए खोलीच्या तापमानाला पुण्याचा पाच-सहा तासांचा प्रवास निवांत सोसतो, आइस जेलचे दोन पाऊच घातले की झालं. तिकडे पोचल्यावर त्यांनी सेंट्रिफ्यूज करून ७५ टक्के इथेनॉलने धुवायचं. निम्मा आरएनए मात्र इथेच, वेगळ्या नळीत ठेवा. आणि नळ्यांवर मार्करने लिहू नका, एका थेंबाच्या गळतीने नाव पुसलं जातं. पेन्सिलने लिहिलेलं लेबल लावून वरून पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळा, झाकणाभोवती पॅराफिल्मचे दोन वेढे द्या.